वडिलांचं रिव्हॉल्व्हर वारसाच्या नावावर करताना: क्रम, कागद आणि नेहमीच्या चुका

वडील गेल्यावर सातबारा, बँक, गाडी, लाइटचं मीटर यांची यादी घरात कुणी ना कुणी करतंच. कपाटातलं रिव्हॉल्व्हर त्या यादीत नसतं. ते आठवतं दीड-दोन वर्षांनी, नूतनीकरण का केलं नाही अशी नोटीस मयत माणसाच्या नावाने दारात आल्यावर. एका जिल्ह्याच्या कार्यालयात शस्त्र परवान्यांच्या टेबलावर मी काही वर्षं काढली. तिथे वारसांच्या फायली कायद्यामुळे क्वचित अडायच्या. अडायच्या त्या क्रम चुकल्यामुळे. लोक आधी अर्ज करायचे आणि शस्त्र मात्र घरातच असायचं. हे उलटं आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. शस्त्र ही मालमत्ता आहे, ती वारसाकडे येते. परवाना ही परवानगी आहे, ती माणसाबरोबर संपते. वडिलांच्या परवान्यावर 2028 पर्यंतची मुदत छापलेली असली तरी ते गेल्यावर तुम्हाला त्या मुदतीचा काही उपयोग नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर परवाना नसताना ते शस्त्र घरात ठेवणं हा शस्त्र अधिनियम 1959 खाली गुन्हा आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीसाठी कमीत कमी 2 वर्षांची शिक्षा आहे, ती 5 वर्षांपर्यंत जाते, शिवाय दंड. "आम्ही काही वापरत नव्हतो, नुसतं ठेवलं होतं" हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलंय. कायद्यात शब्दच "बाळगणे" असा आहे.

टप्पा 1. पहिल्या आठवड्यात: हात लावण्याआधी कागद शोधा

परवान्याची पुस्तिका शोधा. जुनी असेल तर जाड पुठ्ठ्याची, नूतनीकरणाच्या शिक्क्यांनी भरलेली असते. त्यात चार गोष्टी बघायच्या: परवाना क्रमांक, युनिक आयडेंटिफिकेशन नंबर म्हणजे यूआयएन, शस्त्राचा प्रकार व बोअर म्हणजे नळीचं माप, आणि शस्त्र क्रमांक. सगळ्या पानांचे फोटो काढा, कोरी पानंसुद्धा. मूळ पुस्तिका पुढे कुठेतरी जमा करावी लागणार आहे आणि ती परत कधी हातात येईल याची खात्री कुणी देत नाही.

यूआयएन नसेल तर घाबरू नका, पण गप्पही बसू नका. देशातले सगळे परवाने एका राष्ट्रीय संगणकीय नोंदीत घेतले गेले आणि प्रत्येक परवानाधारकाला हा क्रमांक मिळाला. ज्यांनी तेव्हा माहिती भरली नाही त्यांचे परवाने नोंदीबाहेर राहिले. खेड्यात राहणाऱ्या, वर्षानुवर्षं पुस्तिका ट्रंकेत ठेवणाऱ्या वयस्कर लोकांच्या बाबतीत हे बरंच झालंय. अशा वेळी परवाना शाखेत जाऊन मूळ नोंदवहीतली नोंद शोधून घ्यावी लागते. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी सुरू करा.

आता बोअर. पुस्तिकेत .32 रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .22, किंवा 12 बोअर असं असेल तर ते अप्रतिबंधित बोअरमध्ये येतं आणि तुमचा अर्ज जिल्ह्यातच निकाली निघू शकतो. 9 एमएम, .38, .455 किंवा .303 असेल तर ते प्रतिबंधित बोअर. त्याचा निर्णय केंद्रीय गृह मंत्रालयाकडे होतो. लष्करातून निवृत्त झालेल्या आजोबांकडून आलेली शस्त्रं पुष्कळदा या दुसऱ्या गटात निघतात. तसं असेल तर खालचे टप्पे तेच राहतात, वाट मात्र बरीच लांबते.

> इशारा: शस्त्र हाताळता येत नसेल तर ते उघडून "भरलेलं आहे का" हे बघायला जाऊ नका. भरलेलंच आहे असं समजा. कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा.

टप्पा 2. शस्त्र जमा करा. अर्जाच्या आधी.

अधिनियमाचं कलम 21 याच प्रसंगासाठी आहे. बाळगणं कायदेशीर राहिलं नाही की शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करायचं. मयताच्या वारसाला ते नंतर स्वतःचा परवाना मिळाल्यावर परत घेण्याचा, किंवा विकण्याचा, हक्क याच कलमात दिलाय. त्यामुळे "पोलिसांकडे दिलं की गेलं" या भीतीला आधार नाही.

दिवस होऊ द्या, हरकत नाही. पण तेराव्यानंतर थांबू नका.

ठाण्यात शस्त्र पिशवीत घालून घेऊन जाऊ नका. आमच्या कार्यालयात एकदा एक तरुण आला, इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "साहेब, वडिलांचं आहे, जमा करून घ्या." पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं .32 रिव्हॉल्व्हर होतं आणि सिलिंडरमध्ये सहाच्या सहा काडतुसं. तो एसटीने, बसस्टँडवरून चालत आला होता. हेतू स्वच्छ होता, तरी त्या क्षणी तो विनापरवाना भरलेलं हत्यार घेऊन सरकारी इमारतीत बसला होता. त्याच्यासाठी चहा मागवला आणि मग ठाण्यातून माणूस बोलावला.

योग्य पद्धत अशी. आधी एक साधा अर्ज लिहा: वडिलांचं नाव, मृत्यूची तारीख, परवाना क्रमांक, शस्त्राचं वर्णन, आणि "शस्त्र व काडतुसं जमा करू इच्छितो" एवढं. सोबत परवान्याची झेरॉक्स आणि मृत्यू दाखला. दाखला अजून मिळाला नसेल तर नंतर देतो असं लिहा. हा अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्या आणि शस्त्र कसं आणायचं ते ठाणे अंमलदारांना विचारा. बऱ्याच ठिकाणी ते अंमलदार घरी पाठवतात. घेऊन यायला सांगितलं तर शस्त्रातली माहिती असलेल्या परवानाधारक माणसाकडून ते रिकामं करून घ्या, काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवा आणि पोच दिलेला अर्ज खिशात ठेवून सरळ ठाण्यात जा. वाटेत बाजार नाही, पाहुणे नाहीत.

काडतुसं विसरू नका. शस्त्राइतकाच तोही परवान्याचा विषय आहे. देव्हाऱ्याखालच्या खणात, जुन्या बॅटरीच्या डब्यात, शिवणाच्या मशीनच्या ड्रॉवरमध्ये, कुठेही चार-दोन निघतात. शस्त्र जमा करून निश्चिंत झालेल्या घरात वर्षाने दिवाळीची साफसफाई करताना काडतुसं सापडली की पुन्हा तेच सगळं. म्हणून जमा करण्याच्या आधीच सगळं घर शोधा.

पोलीस ठाणं की विक्रेता? ठाण्यात पैसे लागत नाहीत, पण शस्त्र इतर मुद्देमालाबरोबर पडून राहतं. कोकणातल्या एका पावसाळ्यात तेल न लावलेल्या नळीची काय अवस्था होते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. विक्रेता भाडं घेतो, पण तेलपाणी करतो. शस्त्र ठेवायचंच आहे आणि जवळ गन हाऊस असेल तर मी विक्रेत्याकडे जमा करा म्हणेन. जमा ठेवून घेण्याची परवानगी त्याच्या परवान्यात आहे ना, हे विचारा आणि जमा केल्याचं परवाना शाखेला लेखी कळवा.

> तपासा: पावतीवर शस्त्राचा प्रकार, मेक, बोअर, शस्त्र क्रमांक आणि काडतुसांची संख्या आहे का? नुसतं "एक रिव्हॉल्व्हर जमा" अशी पावती घेऊन घरी येऊ नका.

शस्त्र क्रमांकावर इथेच पाच मिनिटं घालवा. टॉर्च लावून, चिंधीला थोडं तेल घेऊन क्रमांक पुसा आणि पुस्तिकेतल्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून बघा. घासून झिजलेला 8 हा 3 दिसतो, शून्य आणि इंग्रजी ओ यांचा घोळ तर ठरलेला. आमच्याकडे एका फायलीत पुस्तिकेत 3, पावतीत 8 असं होतं. वारसाला परवाना मिळाला, पण ठाण्यात शस्त्र सोडवायला गेल्यावर "हे ते शस्त्र नाही" असं उत्तर मिळालं. दुरुस्तीला पुढचे 14 महिने गेले. फरक दिसला तर पावतीवरच तशी नोंद करून घ्या.

टप्पा 3. घरात बसून ठरवा: कोण घेणार?

हा टप्पा लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच सगळं अडतं.

घेणाऱ्याचं वय 21 पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर शिक्षा संपल्यापासून 5 वर्षं परवाना मिळत नाही. आणि संख्येची मर्यादा: डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे जास्तीत जास्त 2 शस्त्रं. आधी 3 होती. ही मर्यादा वारसाने येणाऱ्या शस्त्रालाही लागू आहे. वडिलांकडे रिव्हॉल्व्हर आणि 12 बोअर अशी दोन असतील आणि मोठ्या मुलाकडे स्वतःचं एक असेल, तर त्याला त्यातलं एकच घेता येईल. दुसऱ्यासाठी दुसरा वारस शोधा, नाही तर विका.

बाकीच्या सगळ्या वारसांचं नाहरकत प्रतिज्ञापत्र लागतं. सगळ्या म्हणजे आई, भाऊ आणि बहिणीसुद्धा. बहिणीचं लग्न होऊन वीस वर्षं झाली म्हणून ती वारस राहत नाही असं नाही, पण भावांच्या अर्जात तिचं नाव नसतं. मग पोलीस चौकशीत शेजारी सहज सांगून जातो, "एक मुलगी आहे ना, नाशिकला दिलीय," आणि फाईल परत. बहीण परदेशात असेल तर तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही साक्षांकित करून घ्यावी लागते. त्यात महिना-दोन महिने जातात हे धरून चाला.

आणि हो, शस्त्र मुलानेच घ्यावं असं कुठे लिहिलेलं नाही. मुलगी, सून, पत्नी कुणीही पात्र वारस अर्ज करू शकते.

टप्पा 4. कागदांचा गठ्ठा

दोन गठ्ठे करा. एक मयताचा, एक तुमचा.

मयताचा: मृत्यू दाखला, मूळ परवाना पुस्तिका, शस्त्र जमा केल्याची पावती, वारसांची नावं दाखवणारा कागद, आणि नाहरकत प्रतिज्ञापत्रं.

तुमचा: जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, राहत्या पत्त्याचा पुरावा, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट आकाराचे फोटो, डॉक्टरांचा शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि शस्त्र घरात सुरक्षित ठेवण्याची हमी. वैद्यकीय दाखला शस्त्र नियम 2016 मधल्या ठरलेल्या नमुन्यातच हवा. कॉलनीतल्या डॉक्टरांच्या लेटरहेडवरचं "फिट आहे" चालत नाही.

नावं जुळवून बघा. वडिलांचं नाव परवान्यावर "रामचंद्र", मृत्यू दाखल्यावर "रामभाऊ", आधारवर आणखी तिसरं, हे आपल्याकडे नेहमीचं. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा, त्रुटीचं पत्र येईपर्यंत वाट बघू नका.

> इशारा: प्रशिक्षणासाठी वडिलांचंच शस्त्र "सरावाला" घेऊन जाऊ नका. ते जमा आहे. प्रशिक्षकाकडे त्याची व्यवस्था असते.

टप्पा 5. अर्ज कुठे आणि कसा

जिल्ह्यात परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी. मुंबई, पुणे, नागपूर, ठाण्यासारख्या आयुक्तालयाच्या शहरांत पोलीस आयुक्त. अर्ज तुम्ही जिथे राहता तिथे करायचा, वडील जिथे राहायचे तिथे नाही. वडील साताऱ्यात आणि तुम्ही पुण्यात, तर अर्ज पुण्यात. शस्त्र साताऱ्यात जमा राहील आणि तिथल्या परवाना शाखेचा अहवाल मागवला जाईल. गावाच्या पत्त्यावर "तिथे ओळख आहे" म्हणून अर्ज करणारे चौकशीत सापडतात, कारण बीट अंमलदार दारात येतो आणि तुम्ही तिथे नसता.

अर्ज राष्ट्रीय परवाना पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, छापील प्रत सह्या करून कागदांसह शाखेत द्यायची. भरताना "वारसाहक्काने" हा मुद्दा आणि मयताचा यूआयएन स्पष्ट लिहा. तसं न लिहिता नवीन शस्त्रासाठी अर्ज केला तर तो नव्या अर्जांच्या रांगेत जाऊन बसतो. शस्त्र नियम 2016 च्या नियम 25 मध्ये वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. सोबतच्या पत्रात तिचा उल्लेख करा.

कारणाच्या रकान्यात नुसतं "वडिलांची आठवण" लिहू नका. भावना खरी असते, पण त्यावर शेरा लिहायला अधिकाऱ्याला काही मिळत नाही. वारसाने आलेलं शस्त्र आहे हे लिहा आणि प्रत्यक्ष गरज असेल तीही लिहा: वस्तीपासून लांबचं शेतातलं घर, रोकड हाताळण्याचा व्यवसाय, जे खरं असेल ते. उगाच धमक्यांची गोष्ट रचू नका. ठाण्यात तक्रारीची नोंद आहे का, हे लगेच तपासलं जातं.

पोर्टलवरचा अर्ज क्रमांक आणि फी भरल्याचं चलान यांच्या दोन-दोन प्रती काढा.

टप्पा 6. पोलीस चौकशी

कागद ठाण्यात जातो, जबाब होतात, शेजाऱ्यांना विचारलं जातं, शस्त्र कुठे ठेवणार ती जागा बघितली जाते. भिंतीत किंवा जमिनीत बोल्ट केलेली लोखंडी तिजोरी असेल तर प्रश्न मिटला. लाकडी कपाटाच्या वरच्या फळीकडे बोट दाखवू नका.

गुन्हे असतील तर स्वतः सांगा. आंदोलनातला जुना गुन्हा, भाऊबंदकीतली मारामारी, निर्दोष सुटलेला खटलासुद्धा. निकालाची प्रत जोडा. किरकोळ गुन्ह्याने अर्ज बुडतोच असं नाही, माहिती लपवल्याने मात्र मिळालेला परवानाही रद्द होऊ शकतो.

नियमांप्रमाणे पोलीस अहवालाला 30 दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला 60 दिवस आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात हे मी टेबलाच्या पलीकडून सांगतोय. अहवाल मुदतीत आला नाही तर त्याची वाट न बघता आदेश काढण्याची मुभा कायद्याने प्राधिकाऱ्याला दिलेली आहे. त्यामुळे मुदत उलटल्यावर विनम्र स्मरणपत्र द्यायला लाजू नका. निवडणुकीची आचारसंहिता लागली तर मात्र हे टेबल हलत नाही, तेव्हा खेटे वाचवा.

नाकारलं तर कारणांसह आदेश मागा. अपिलाची मुदत 30 दिवस आहे आणि ती आदेश मिळाल्यापासून पळायला लागते.

टप्पा 7. परवाना मिळाल्यावर

काम इथे संपलं असं वाटतं आणि लोक परवाना लॅमिनेट करून ठेवतात. लॅमिनेट करू नका, त्यावर नोंदी व्हायच्या आहेत.

आधी परवान्यावरचा शस्त्र क्रमांक, बोअर, काडतुसांची मर्यादा आणि वैधतेचं क्षेत्र वाचा. चूक असेल तर तिथेच, त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. मग शस्त्र सोडण्याचं पत्र घ्या आणि परवाना, पत्र, मूळ पावती घेऊन ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जा. क्रमांक पुन्हा ताडा, काडतुसं मोजा, ताबा मिळाल्याची नोंद दोन्हीकडे करून घ्या. वडिलांची जुनी काडतुसं वापरू नका, पंधरा वर्षं जुनं काडतूस केव्हा दगा देईल सांगता येत नाही. विक्रेत्याला विचारून ती निकाली काढा. मग तुमच्या ठाण्यात शस्त्र दाखवून नोंद करा.

> तपासा: राष्ट्रीय नोंदीत शस्त्र आता तुमच्या यूआयएनवर आलंय आणि वडिलांच्या यूआयएनवरून उतरलंय का? दोन्हीकडे राहिलं तर पुढच्या नूतनीकरणाला अडेल.

परवाना 5 वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या निदान दोन महिने आधी करा.

शस्त्र नकोच असेल तर

बहुतेक घरांना खरं तर हेच सोयीचं असतं, बोलून कुणी दाखवत नाही. जमा केल्यावर परवाना शाखेकडे विक्रीची परवानगी मागा आणि विक्रेत्याला किंवा त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना असलेल्या माणसाला विका. खाजगी माणसाला विकणार असाल तर जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर 45 दिवस थांबायचं. त्याआधी हस्तांतर नाही. मावसभावाला स्टँप पेपरवर "दिलं" असा करार करून शस्त्र हातात दिलं, असे दोन प्रकार माझ्यासमोर आले. दोन्हीत घेणारा आणि देणारा दोघेही अडकले. विकायचंही नसेल तर ते सरकारजमा करण्याचा लेखी अर्ज द्या. काहीच न करता पावतीची मुदत उलटू दिली तरी ते शेवटी सरकारजमाच होतं, पण तुमच्या नावावर पत्रव्यवहार लागतो.

वडील हयात असतील तर

हा सगळा फेरा टाळता येतो. परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा त्यांनी शस्त्र 25 वर्षं बाळगलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, नियम 25 प्रमाणे ते हयातीतच एखाद्या वारसाचं नाव देऊ शकतात. तो वारस पात्र असला आणि पोलीस अहवाल चांगला आला की परवाना थेट त्याच्या नावावर होतो. शस्त्र ठाण्यात पडून राहत नाही, क्रमांकाबद्दल शंका आली तर विचारायला माणूस समोर असतो, आणि नाशिकच्या बहिणीला फोन वडील स्वतः करतात.